दोन दगडांवर पाय

तीर्थरूप बाबा यांस,
अजूनही न सुधारलेल्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? मी तिथे नाही म्हणून एकट्याने गाडीखाली झोपून कामं करू नका.

फोनवर तुम्ही म्हणालात, "हे कंट्री रॉक म्हणजे दोन दगडांवर पाय. धड गावचं गाणं नाही, धड धांगडधिंगाही नाही." तर ऐका. गोष्ट गावाकडच्या माणसाची असते, सुटलेल्या घराची, लांबलेल्या रस्त्याची. मागे मात्र रॉकचे ड्रम दणदणतात. माझी स्टील गिटार मांडीवर आडवी असते. तारांवरून लोखंड सरकवलं की सूर हुंदका दिल्यासारखा वाकतो.

परवा कार्यक्रमात म्हातारे ओरडले, ड्रम थांबवा. पोरं ओरडली, हे रडगाणं थांबवा. आम्ही काहीच थांबवलं नाही. निम्मा हॉल उठून गेला. उरलेल्यांसाठी आणखी तीन गाणी वाजवली.

परत ये म्हणू नका. येणार नाही.

तुमच्यासारखीच हट्टी,
धाकटी

ता.क. गॅरेजमधल्या पान्यांतली, नट खोलायची सतरा नंबरची गोटी शोधणं सोडा. तारांवरून सरकतं ते लोखंड तेच. तीही परत येणार नाही.