उपक्रम क्रमांक नऊ आणि मर्टलचं घर

सेंट अँड्र्यू, बार्बाडोस
शुक्रवार, दुपार

प्रिय सिस्टर मर्टल हिला,

तुझं घर त्याच्या जागेवर नाही. चर्चमधल्या कोणा बाईच्या फोनवरून हे तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्याचसाठी लिहायला बसले आहे. घर शाबूत आहे. जळलेलं नाही, वाऱ्याने उडालेलं नाही. फक्त दुसरीकडे आहे. बाकी इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? लोकरीचे मोजे घालतेस, की अजून डॉक्टरांनाच शिकवतेस? (इंग्लंडमधलं अख्खं हॉस्पिटल तुला चाळीस वर्षं सिस्टर म्हणत होतं. मी त्याच्याही आधीपासून म्हणते, तेव्हा थोडं ऐकवायचा हक्क मलाही आहे.)

तू दर वर्षी "पुढच्या वर्षी परत येते" असं लिहितेस, म्हणून सतरा वर्षं मी ते घर झाडते आहे, रंगवते आहे. ते मी असं कसं जाऊ दिलं, असं तू विचारशील. म्हणून सगळं क्रमाने सांगते.

आमच्या शाळेतली मिस यिअरवुड बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मुख्याध्यापक ऑलेन माझ्या दारात उभा राहिला. (तोच ऑलेन, ज्याला मी स्पेलिंगसाठी मधल्या सुट्टीत बसवून ठेवत असे. आता त्याला टाय आहे.) म्हणाला, "मिस, तीनच आठवडे. एकच कादंबरी, आणि तिच्या उपक्रमांची पुस्तिका तयार आहे. तुम्ही नुसतं वर्गात उभं राहायचं." निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, आणि नेमकं उभं राहणंच आता जमत नाही, हे त्याला तिथेच सांगायला हवं होतं.

कादंबरी वाईट नाही. शंभर वर्षांपूर्वीचं ऊसतोडीवरचं एक कुटुंब. बाप पनामाला कालवा खणायला जातो आणि त्याचं पत्र यायचं थांबतं. आई दोन मुलींना घेऊन मळ्यात राबते. एक दिवस मळ्याचा मॅनेजर सांगतो, जमीन आमची, शनिवारपर्यंत तुमचं घर उचला. ती लाकडी घर भिंत-भिंत सुटं करते, खेचराच्या गाडीवर चढवते आणि चालू लागते. आपल्या काळात अशी कादंबरी वाचायची, कठीण शब्दांचे अर्थ लिहायचे, पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि घरी जायचं. आता उपक्रम असतात. उपक्रम दोन: बापाच्या मनातलं हवामान रंगवा. (एकतीस मुलं, सव्वीस चक्रीवादळं. उरलेल्या पाचांकडे निळा रंग तेवढा शिल्लक होता.) उपक्रम चार: घरातल्या बकरीच्या बाजूने पत्र लिहा. उपक्रम पाच: सहाव्या प्रकरणात आई संध्याकाळी जे रांधते ते करून आणा. तीस मुलांनी मक्याच्या पिठाचं कूकू आणलं, मासे आणले, एकाने तर केक आणला. जेनील बेल्ग्रेव्ह नावाच्या मुलीने रिकामं पातेलं आणलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मिस, त्या संध्याकाळी घरात काहीच नव्हतं. पान एक्क्याण्णव." पुस्तक तिने एकटीनेच वाचलं होतं. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि बाकी तिसांचं रांधलेलं चाखून तीन दिवस पोट धरून बसले.

तर उपक्रम नऊ. "कुटुंबाचं घर सुटं करा, दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा उभं करा. काय मोडलं आणि काय टिकलं, त्याची नोंद ठेवा." पुठ्ठा, कात्री आणि गोंद यांची यादी पुढच्या पानावर होती. शाळेच्या झेरॉक्स यंत्रातला कागद नेमका त्या पानाआधी संपला. दुसऱ्या कुठल्याही देशातल्या मुलांना तरीही पुठ्ठाच आठवला असता. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाच्या आजोबांनी निदान एकदा तरी लाकडी घर सुटं करून गाडीवर घालून नेलेलं आहे. इथल्या मुलांना घर म्हटलं की घरच आठवतं.

त्यातच उपक्रम सहा होता, गावातल्या वृद्धाची मुलाखत घ्या. मुलांनी गाठलं सुतार मिस्टर स्कीटना. वय वर्षं त्र्याऐंशी, आयुष्यात साठ घरं हलवलेली आणि गेल्या वीस वर्षांत कोणी एक साधी खुर्चीही दुरुस्तीला न दिलेली. त्यांनी मुलांना विचारलं, "मोकळं घर कुठलं आहे?" मुलांनी तुझं दाखवलं. मंगळवारी जेनील माझ्यापुढे एक कागद घेऊन आली. "मी वर्गाला घर हलवण्याची परवानगी देते." मी सही केली. (होय, न वाचता. प्रश्न दोनदा वाचा, असं जिने चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं, तिने. याबद्दल तुला जे म्हणायचं असेल ते एका ओळीत म्हण आणि पुढे वाच.)

बुधवारी मी दाढ काढायला ब्रिजटाउनला गेले होते. दुपारी सुजल्या गालाने बसमधून उतरले, तर तुझं छप्पर रस्त्याने चाललं होतं. खाली उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, पुढे मिस्टर स्कीट रुमाल हलवत, मागे गावातले आठ म्हातारे आणि माझा सबंध वर्ग. तुझं काचेचं कपाट दोन मुली पालखीसारखं नेत होत्या. मी ओरडले. निदान ओरडायचा प्रयत्न केला. अर्धं तोंड बधिर होतं.

"टीचर," मिस्टर स्कीट म्हणाले, "सही तुमचीच ना? मग हात वर करून उभ्या कशाला राहता? हा खिळ्यांचा डबा धरा."

"मिस, तुम्हीच सांगता प्रश्न दोनदा वाचा," जेनील म्हणाली. "आम्ही तीनदा वाचला."

मी डबा धरला. दुसरं काय करणार होते?

शाळेच्या आवारात ब्रेडफ्रूटच्या झाडापाशी त्यांनी पायाचे दगड रचून ठेवले होते. वडिलांनी प्रत्येक भिंतीच्या आतून छिन्नीने आकडे कोरले होते, ते मला माहीत नव्हतं. तुला होतं? मिस्टर स्कीट आकडे पाहून भिंती लावत गेले. मात्र वडिलांच्या मोजणीत तीन हा आकडा दोनदा आला आहे. त्यामुळे तुझ्या निजायच्या खोलीची खिडकी आता सरळ मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडते. ऑलेन गुरुवारी "वाचन वर्गाबाहेर नेऊ या" या विषयावरच्या दोन दिवसांच्या शिबिराहून परतला, खुर्चीत बसला आणि समोर त्याला तुझे पडदे दिसले. मग म्हणाला, "मिस, इतकं बाहेर नव्हतं न्यायचं." सत्राच्या अखेरीपर्यंत त्याने मुदत दिली आहे.

नोंद विचारशील तर मोडलं ते असं: एक बशी, खिडकीच्या तीन पट्ट्या आणि घर जपायचा तुला दिलेला माझा शब्द. टिकलं बाकी सगळं. दार तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा धक्का न देता लागतं. आणि एक गोष्ट मला लपवता येत नाही. मधल्या सुट्टीत मुलं तुझ्या पुढच्या खोलीत जमिनीवर बसून ती कादंबरी वाचतात. कोणी सांगितलेलं नाही. मी दारात बसून राहते, कारण मला उठवत नाही.

तब्येत सांभाळ. रागावणार असशील तर बसून रागाव, गुडघ्यांवर ताण येऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
इस्मे

ता. क. घर जुन्या जागी परत ठेव, असं लिहू नकोस. घर आपलं असलं तरी जमीन मळ्याचीच, आणि घर हललं त्याच संध्याकाळी मळ्याच्या माणसाने तिथे तारेचं कुंपण घातलं. आता तिथे काळ्या पोटाच्या अकरा मेंढ्या आहेत. मी बोलायला गेले. त्या माणसापेक्षा मेंढ्यांनी जास्त लक्ष दिलं.

दुसरा ता. क. म्हणजे आता घराला जागा हवी. माझ्या मागच्या अंगणात आंब्यापासून कुंपणापर्यंत मी दोरीने मोजलं. तुझं घर बसतं आणि वर हातभर जागा उरते. मिस्टर स्कीट म्हणतात, तुम्ही हो म्हणा, एका दुपारचं काम आहे. पण रिकामं घर मी अंगणात ठेवणार नाही, मर्टल. सतरा वर्षं मी धूळ पुसली, आता माझे हात दुखतात. तू येणार असलीस तर दगड आजच रचून घेते. नसलीस तर स्पष्ट लिही. ऑलेनला ते वाचनालयासाठी हवं आहे, आणि मुलांना तर ते आपलंच वाटतं. "पुढच्या वर्षी" एवढे दोन शब्द मात्र लिहू नकोस. मी एकाहत्तरची आहे आणि तू माझ्याहून मोठी आहेस.

सोमवारी विमानाने निघणाऱ्या मिसेस होल्डर यांच्याकडे सुपूर्द: हे पत्र, एक. वडिलांच्या आकड्यांचे कागदावर घासून घेतलेले ठसे, चार; त्यांतले दोन तीनचे. पुढच्या दाराच्या नव्या कुलपाची किल्ली, एक. दुसरी मी ठेवून घेतली आहे.