हाताला येईल असा नळ

ती. आईस, दौंडहून सर्जेरावाचा कोरडाच नमस्कार.

भाड्याच्या खोलीत माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. नळ इतका बुटका बसवलाय की खाली बादली मावत नाही. मी प्लंबिंग शिकवणारा मास्तर, आन् तांब्यानं बादली भरतो, आन् हसायलाही कुणी नाही.

म्हणून वर्गात सांगितलं, आधी बादली मांडा, मग नळाची उंची ठरवा. फळ्यावर आपल्याच मोरीचा नकाशा होता. हर्षदा नावाची पोरगी म्हणाली, "सर, पाटावर बसलेल्या आजीचा हात पोचंल का?" मी फळ्यावरचा नळ पुसून पुन्हा काढला.

मनगट दुखायचं थांबलं का? बंबातलं कढत पाणी उचलू नकोस. रविवारी कवठ्याला येऊन सोलरचा नळ तुझ्या हाताला येईल असा बसवतो.

त्याआधी तुझ्या शेजारच्या गीताबाईचा गळका नळ बदलीन. तुझी बादली रोज तीच आणून देते. हे तिनंच मला सांगितलं, म्हणून तिला काही बोलू नकोस.

तुझा सर्जा