आधी पायउतार, मग नमस्कार

॥ श्री ॥
बडोदे,
२९ नोव्हेंबर २०१५

तीर्थस्वरूप आबासाहेबांच्या चरणी
शिवांगीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

हा नमस्कार कागदावरचा आहे, म्हणून बिनधोक आहे. फोन करावा तर तुम्ही कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून बसता. पप्पा म्हणाले, आबासाहेबांना काही सांगायचं असेल तर पत्रच लिही.

दसऱ्याला जे झालं ते कसं झालं, हे सगळ्यांनी तुम्हांला सांगितलं असेल. मी अजून सांगितलेलं नाही. उदयसिंहमामांनी दुबईहून आणलेला हॉवरबोर्ड घरी येऊन चारच दिवस झाले होते. दोन चाकं, मध्ये पाय ठेवायला फळी, खाली बॅटरी. हँडल नाही की ब्रेक नाही. आपण पुढे झुकलो की तो पुढे जातो, मागे झुकलो की मागे. हे मला पक्कं माहीत होतं. तरी चणियाचोळी घालून, हेल्मेटशिवाय, हातात आपट्याची पानं घेऊन मी पार्किंगमध्ये तुमच्यासमोर ऐटीत आले आणि बोर्डवरूनच नमस्काराला वाकले. वाकले म्हणजे झुकलेच की! तो सुसाट पुढे. तुम्ही नेहमीसारखे दोन्ही हात आशीर्वादाला पुढे केले होते, त्यामुळे तुम्हांला धरायलाही काही मिळालं नाही. मला नुसतं खरचटलं आणि तुमच्या खुब्याचं हाड मोडलं.

आमच्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, म्हणून ऑपरेशननंतर काका तुम्हांला सावली गावच्या घरी घेऊन गेले. तेव्हापासून पप्पा दर रविवारी चल म्हणतात. तीनदा मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं. तुमच्यासमोर यायची हिंमत होत नाही, आबासाहेब. मम्मीनं बोर्ड कपाटावर टाकलाय. मीच म्हटलं, विकून टाका.

खूप रागवा, पण लिहा. लोभ होता त्यातला थोडा तरी शिल्लक असू द्यावा.

आपली अपराधी नात,
शिवांगी


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
सावली,
६ डिसेंबर २०१५

चि. शिवांगीस आबासाहेबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. दोन्ही हातांनीच, आणि या खेपेला पाठीला उशी लावून.

फळी विकायची नाही. खबरदार! घोडा उधळला म्हणून कुणी बाजारात नेऊन उभा करतं का? चूक स्वाराची असते. माझं हाड मोडलं ते माझं मी बघून घेईन.

तीस वर्षं मी पोरांना घोड्यावर बसायला शिकवलं. माझे वडील त्याआधी संस्थानच्या रिसाल्यात होते. त्यांचा घरातला एक नियम होता. कवायतीत सरदाराला घोड्यावरून सलामी ठीक आहे, पण वडीलधारं माणूस दिसलं की आधी पायउतार, मग नमस्कार. तो मी तुला सांगितला नाही, कारण तुझ्या त्या खेळण्याला मी घोडा समजलोच नाही. ही माझी चूक.

आता शीक. पहिला धडा पडण्याचा. मी नव्या पोराला आठ दिवस खोगिराला हात लावू देत नसे, नुसता वाळूत लोळवत असे. पडताना हात ताठ करून जमिनीला टेकायचा नाही, मनगट जातं. गुडघे सोडायचे, अंग गोळा करायचं आणि खांद्यावरून लवंडायचं. दुसरा धडा नजरेचा. घोड्याच्या पायांकडे बघणारा घोड्याच्या पायांखालीच जातो, तेव्हा लांब बघायचं. उतरायचं कसं, ते तुझ्या घोड्याच्या कागदात काय लिहिलंय ते वाच आणि मला कळव.

आणि एक करार. तू तिकडे फळीवर चढ, मी इकडे वॉकर धरतो. तुझे धडे तू कळव, माझी पावलं मी कळवतो. गुढीपाडव्याला मी माझ्या पायांनी तुमच्या फाटकातून आत येणार. तोवर मला बघायला येऊ नकोस. पलंगावर पडलेला हा पिलाजीराव कुणाला दाखवण्यासारखा नाही. राग नाही, लोभ आहे तेवढाच आहे.

तुझा,
आबासाहेब


॥ श्री ॥
बडोदे,
३ जानेवारी २०१६

तीर्थस्वरूप आबासाहेबांना
शिवांगीचा (पायउतार होऊन) नमस्कार वि. वि.

आठ दिवस लोळले! गच्चीवर दोन गाद्या टाकून रोज संध्याकाळी पडत होते. शेजारच्या इंदिराबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि मम्मीला जाऊन म्हणाल्या की पोरीला फिट येतायत. मम्मी चपला न घालता वर धावली. मग कळल्यावर दोघी हसत बसल्या आणि इंदिराबाई म्हणाल्या, चालशे, चालशे, पड बेटा!

मग बोर्ड खाली आला. आधी सपाट जमिनीवर ठेवायचा, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं. एक पाय ठेवून वजन द्यायचं, तो स्थिर झाला की दुसरा. घाबरून थरथरलो की तोही थरथरतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिले तीन दिवस मम्मीचे खांदे धरून उभी राहिले, चौथ्या दिवशी तिनं एक बोट दिलं, सहाव्या दिवशी तेही काढून घेतलं. उतरायचं मात्र पुढे नाही, मागे. पूर्ण थांबायचं, मग एक पाय मागे आणि मग दुसरा. पुढे पाय टाकला की बोर्ड पोटरीवर येतो. दोनदा आलाय.

हेल्मेट, मनगटाच्या पट्ट्या, गुडघ्याच्या ढाली, सगळं लहरीपुऱ्याच्या पलीकडच्या दुकानातून पप्पांनी आणलं. ओढणी नाही, घेरदार काही नाही, हात रिकामे. उतारावर आणि ओल्या फरशीवर जात नाही. चार्जिंगला लावला की संपेपर्यंत मी समोर बसते. रात्रभर लावून ठेवायचा नाही, असा पप्पांचा हुकूम आहे.

तुमची पावलं किती झाली? खरं खरं लिहा. लोभ मी पुन्हा कमावतेय, जमा करून ठेवा.

आपली शिकाऊ स्वार,
शिवांगी


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
सावली,
१५ जानेवारी २०१६

चि. शिवांगीस अनेक आशीर्वाद व तिळगूळ.

शाब्बास! पत्र तीनदा वाचलं आणि काकालाही ऐकवलं. तुझा घोडा घाबरट स्वाराला ओळखतो, म्हणजे जातिवंत आहे.

इकडे उत्तरायण जोरात झालं. उंधियूही खाल्लं. माझं उत्तम चाललंय. वॉकर धरून पलंगापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून फाटकापर्यंत जातो. काल तर पतंग बघायला फाटकाबाहेरच्या पिंपळापर्यंत जाऊन आलो. सगळे थक्क झाले. माझी काळजी सोड, अभ्यासाकडे बघ. माया आहेच, मागावी लागत नाही.

तुझा,
आबासाहेब


सावली,
२४ जानेवारी २०१६

चि. शिवांगीस कुसुमावतीकाकीचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणजे समजून घे. मामंजींनी तुला काय लिहिलंय ते काकांनी मला सांगितलं. पिंपळ सोड, त्यांनी अजून पलंगाखाली पाय ठेवलेला नाही. वॉकर कोऱ्या प्लास्टिकसकट कोपऱ्यात उभा आहे. व्यायाम करून घ्यायला बाई येते, तिच्याशी भांडतात. मी हात धरला तर म्हणतात, उद्या. पतंग त्यांनी खिडकीतून पाहिले.

डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं. हाड छान जुळलंय, पण महिन्याभरात उभे राहिले नाहीत तर पायातलं बळ जाईल, मग कायमचा पलंग. शहाऐंशी घोडे वठणीवर आणलेला माणूस, आणि चार पायांच्या वॉकरला भितो! हसू येतं आणि मग रडूही येतं गं. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. तुझी पत्रं मात्र उशीखाली ठेवतात.

तुला जमेल ते कर. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग, लोभ आहेच.

तुझी,
काकी


॥ श्री ॥
बडोदे,
३१ जानेवारी २०१६

तीर्थस्वरूप आबासाहेबांना नमस्कार.

तुम्ही मला फसवलंत. मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका आणि सांगणाऱ्यावर चिडू नका.

आपला करार दोघांचा होता. मी तुमचं पिंपळाचं पत्र पुस्तकात घालून शाळेत नेलं होतं, मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. घरी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्यामुळे पडलेले आबासाहेब आता चालायला लागले. मला वाटलं होतं, माझं पाप फिटलं. ते खोटं होतं हे कळल्यावर मी दोन तास बाथरूममध्ये बसून रडले.

आता मीही उतरलेय. बोर्ड पुन्हा कपाटावर टाकलाय. खाली सात लहान मुलं बोर्ड शिकायचाय म्हणून मला रोज विचारतात, शिवांगीदीदी, शिखवाडशो के नहीं? त्यांना मी सांगितलं, माझे उस्ताद अजून उभे राहिलेले नाहीत. तुम्ही जमिनीवर पाय ठेवलात की मी बोर्डवर ठेवीन, त्याआधी नाही. आणि तुमच्या शब्दावर माझा भरवसा राहिला नाही, तेव्हा पत्रावर काकीची साक्ष पाहिजे.

तुम्हांला भीती वाटते का? तसं लिहिलंत तर चालेल. मला तर रोज वाटते. लोभाचं आत्ता काही लिहीत नाही.

शिवांगी


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
सावली,
९ फेब्रुवारी २०१६

चि. शिवांगीस आशीर्वाद.

खोटं बोललो. बायकोशी नाही, अधिकाऱ्यांशी नाही, नातीशी बोललो. लाज वाटते.

हो, भीती वाटते. पाय खाली सोडला की ती दसऱ्याची फरशी दिसते. पडलो त्याचं दुःख नाही, पण पुन्हा पडलो आणि तू पुन्हा स्वतःला अपराधी म्हणवून घेतलंस तर? मग म्हणायचं, उद्या. उद्याचे तीन महिने झाले.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. सगळ्यांना मी ठणकावून सांगायचो की पडलात तर त्याच दिवशी, त्याच घोड्यावर बसा. मी एकोणीस वर्षांचा असताना मैना नावाच्या घोडीनं मला कुंपणावर फेकलं. मी त्या दिवशी बसलो नाही. तीन आठवडे तापाचं सोंग करून घरात पडून होतो. शेवटी वडील आले. रागावले नाहीत, ओढलं नाही. एवढंच म्हणाले की मैना तीन आठवडे उभी आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाला मी बसू दिलेलं नाही. मी उठलो. तू परवा तेच केलंस, पोरी. कुठून आलं हे तुझ्यात?

काल सकाळी दहा वाजता उठलो. वॉकरचं प्लास्टिक सूनबाईनं फाडलं. चार पावलं चाललो, त्यातली दोन नीट पडली. घामानं बंडी भिजली. आज सहा. फाटक अजून फार लांब आहे आणि पिंपळ त्याच्याही पलीकडे. आता खालची साक्ष बघ आणि त्या सात पोरांना ताटकळत ठेवू नकोस. लोभ तू लिहिला नाहीस तरी मी वाचला.

तुझा,
आबासाहेब

साक्ष: मी स्वतः मोजली. काल चार, आज सहा. हात धरू दिला नाही. कुसुमावती.


॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
सावली,
१० एप्रिल २०१६

चि. शिवांगीस आबासाहेबांचे अनेक अनेक आशीर्वाद.

परवा पाडव्याला तुमच्याकडे सगळ्यांच्या गर्दीत बोलायचं राहून गेलं, ते लिहितो. लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

गाडी आत आणायला तुझा काका समरजित सांगत होता, मी फाटकाबाहेरच थांबवली. करार फाटकातून चालत येण्याचा होता. वॉकर मार्चमध्येच सुटला होता, हातात काठी होती. पंधरा पावलं झाली आणि तू पार्किंगच्या त्या टोकाहून निघालीस. डोक्याला हेल्मेट, मनगटाला पट्ट्या, हात रिकामे, नजर लांब. पाठ कशी सरळ! माझ्या वडिलांची पाठ तशी होती. बाजूला ती सात पोरं रांगेत उभी, सगळी हेल्मेट घालून. तुमचा वॉचमन मला सांगत होता की दीदी आधी सगळ्यांना गादीवर पाडते, मगच चढू देते. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटेल असं वाटलं.

तू जवळ आलीस तशी सूनबाईनं माझा दंड पकडला. मी सोडवून घेतला. खरं सांगतो, आता खोटं बोलायचं नाही ठरलंय, ती दसऱ्याची फरशी पुन्हा दिसली. पण जागचा हललो नाही.

तू सहा हातांवर थांबलीस. पूर्ण थांबलीस. एक पाय मागे, मग दुसरा मागे. बटण बंद केलंस, हेल्मेट काढून नीट बाजूला ठेवलंस, चालत माझ्यापुढे आलीस आणि मग वाकलीस. तीस वर्षांत शेकडो पोरं शिकवली, पण इतकं देखणं पायउतार होणं मी पाहिलेलं नाही. मला रडू आलं. उन्हाचं निमित्त मी केलं, ते कुणाला पटलं नाही.

आशीर्वाद आपल्याकडे दोन्ही हातांनी देतात आणि माझ्या एका हातात काठी होती, तेव्हा ती टाकली. फरशीवर केवढा आवाज झाला! समरजित धावला, तुझी मम्मी किंचाळली. तुझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून मी उभा होतो, कशालाही न धरता. तुझं डोकं धरलं होतं असं म्हणणार असशील तर म्हण.

नंतरचे तीन मजले मी खुर्चीत बसून चढलो, ते मात्र तुझ्या फौजेला सांगू नकोस. श्रीखंड उत्तम होतं. इंदिराबाईंना माझा नमस्कार सांग. सुट्टी लागली की फळी घेऊन इकडे ये, अंगण सारवून टणक करून ठेवतो. लोभाचं काय लिहू? तो आता उतू जातोय.

तुझा,
आबासाहेब

ता. क. काठी तुमच्या पार्किंगमध्येच राहिली. काल इकडे पिंपळापर्यंत जाऊन आल्यावर ते सूनबाईच्या लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं. पाठवायची घाई करू नकोस.

साक्ष: खरं आहे. पिंपळापर्यंत, आणि परत. कुसुमावती.