थांबल्यावर लागणारा दम

उधवा, ३ डिसेंबर २०२४

चि. सौ. सोमीस लाहूदादाचे आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की चंद्रिका तुझ्या कानाशीच असते, म्हणून लिहितोय. वनरक्षक भरतीच्या तयारीला पोरगी तुझ्याकडे डहाणूला ठेवली, आणि आता म्हणते, छाती आवळते, आत शिट्टी वाजते. अगं, धावताना काही नाही आणि थांबल्यावर पाच मिनिटांनी दम? भात झोडताना बरा कधी लागला नाही! तोंडाला रुमाल बांधून पळायची, तो मीच सोडायला लावला. म्हटलं मोकळी हवा मिळू दे. तरी रडगाणं चालूच. मला हे नाटक वाटतं. तुलाही शाळेच्या दिवशीच पोटात दुखायचं, तेव्हा तिची वकिली करू नकोस. खरं काय ते काढून घे, नाहीतर भरती बंद आणि रानशेतच्या पाहुण्यांना लग्नाचा होकार.

तुझा लाहूदादा

डहाणू, ११ डिसेंबर

ती. दादास सोमीचा शि. सा. नमस्कार.

पोटदुखी अजून विसरला नाहीस होय! संशय मलाही होता, म्हणून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, पळवलं, पुन्हा फुंकायला लावलं. आकडा घसरला. जोरात पळताना आपण तोंडाने भराभर हवा ओढतो; ती नाकातल्यासारखी ऊबदार, ओली होत नाही. श्वासनळी आतून सुकते, चिडते आणि भोवतीचे स्नायू तिला आवळतात. थांबल्यावर जास्तच. भात झोडताना एवढी हवा लागत नाही. रुमाल हवाच होता रे, शहाण्या! आता पळण्याआधी श्वासनळी मोकळी करणाऱ्या औषधाचा पंप तोंडात ओढायचा. भरती सोडायची गरज नाही म्हणाल्या.

माया आहेच, ती वाढव. सोमी

उधवा, २० डिसेंबर

चि. सौ. सोमीस आशीर्वाद.

डॉक्टरीण तुझ्या ओळखीची, हे डोक्यातून जाईना. म्हणून चंद्रिकाला पळण्याआधी पंप घेऊ नकोस असं फोनवर बजावलं, आणि परवा सकाळी गुपचूप किनाऱ्यावर येऊन सुरूच्या झाडामागे उभा राहिलो. ती मस्त पळाली. म्हटलं, सापडली! मग थांबली, आणि थोड्या वेळाने गुडघ्यांवर हात टेकून वाकली. शिट्टी मला झाडापर्यंत ऐकू आली. आसपास चिटपाखरू नव्हतं, सोमे. नाटक कोणासाठी करील? पाय उचललेच नाहीत माझे. तिने पिशवीतला पंप ओढला तेव्हा जीव भांड्यात पडला. लाज वाटली, तसाच बस धरून परत आलो. पाहुण्यांना नकार कळवलाय. तिला मात्र काही सांगू नकोस.

तुझा दादा

डहाणू, २७ डिसेंबर

ती. बाबांस चंद्रिकाचा नमस्कार.

सहा तारखेला धावायची चाचणी आहे. आत्या तुमचं पत्र लपवत फिरते, मी विचारलं नाही. त्या दिवशी थांबले तेव्हाच झाडामागे तुम्ही दिसला होतात. हाक मारायची होती, बाबा. पण तुम्हाला तेही नाटक वाटलं असतं.

तुमची चंद्रिका