पाठ फिरवून बसलेलं पान

ठकीच्या आईस,

काळजी करायच्या आधी हे वाच: मी मजेत आहे, गुडघेही बरे आहेत. धाकट्याचा खोकला गेला का?

तुम्ही इकडे याल त्या दोन दिवसांचा बेत पक्का झालाय. रविवारी मी स्टेशनपासून संग्रहालयापर्यंत धाकट्याएवढी पावलं टाकत चालून बघितलं. चाळीस मिनिटं लागली. माझ्या खोलीवरचा रंगारी सोबत होता, तो हसून हसून खालीच बसला. हसू दे. वाटेत स्वच्छतागृह एकच आहे, तेव्हा उतरल्याबरोबर दोघांना जाऊन यायला लाव.

खोली तशी लहान आहे, पण रंगारी दोन रात्री दुसरीकडे झोपणार आहे, मी न सांगता. एक पांघरूण तेवढं जास्तीचं आण.

ठकीला देवमाशाचा सांगाडा बघायचाय ना? बघू की. पण आधी मोठं दालन. तिथली अख्खी फरशी मी बसवलीय! प्रत्येक फरशीवर एक पान आहे आणि सगळ्या पानांची टोकं दाराकडे. एकच पान पाठ फिरवून बसलंय. धाकट्याला ताप आल्याचा तुझा फोन आला, त्या दिवशीचं ते. मुकादमाच्याही नजरेतून सुटलं.

ते पान मी पोरांना शोधायला लावणार आहे. रोज हजारो माणसं त्यावरून चालतात, खाली कुणी बघत नाही. आपली दोघं मात्र गुडघ्यांवर बसून बघतील, ते बसवताना मी बसलो होतो तशीच.

स्टेशनवर तासभर आधीच येऊन थांबणारा,
ठकीचा बाप