धक्के थांबले तेव्हा

३ फेब्रु., सोम.
सकाळी पाणी आलं नाही, सोसायटीत बोंबाबोंब. दुपारी मृणालचा फोन. आइसलंडमध्ये त्यांच्या गावाखाली परवापासून सारखे धक्के बसतायत. ती आणि जावई संदीप तिथे मासळीच्या कारखान्यात कामाला, आता कुठे स्वतःचं घर झालं होतं. पोलिसांनी गाव रिकामं केलंय. दोघं शेजारच्या गावातल्या शाळेत गाद्यांवर. सुनंदा, आईच ती, रडायला लागली. मी म्हटलं, रडतेस काय, धक्के म्हणजे काय ते मला विचार.

५ फेब्रु., बुध.
नेटवर वाचत बसलो. खाली वितळलेला खडक, मॅग्मा, वर यायला वाट शोधतोय. फटीत घुसतो, फट ताणतो, पुढचा खडक कडकन तुटतो. तोच धक्का वर बसतो. अशी भरलेली फट थंड झाली की डाईक. अंधेरीच्या कॉलेजात भूशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं मी डाईकचे तुकडे कापले, घासून कागदापेक्षा पातळ केले, काचेवर चिकटवले. मी लॅब असिस्टंट, पण स्लाइड माझीच हवी असायची सरांना. सगळा माल थंडगार मात्र. गरम असताना तो कसा वागतो ते मी कधी कुणाला विचारलं नाही.

मृ. रोज किती धक्के जाणवले ते कळवते. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारतो. आज अकरा.

७ फेब्रु., शुक्र.
मृ.ला कोयनेचं सांगितलं. आमचं गाव घाटाखाली, मी तेव्हा सात वर्षांचा. भूकंपानंतर अख्खी वाडी थंडीत खळ्यात झोपायची. आई चौकटीवर कोळशाने रेघ मारायची, धक्क्याला एक. सलग तीन दिवस रेघ नाही, की त्या घराने आत जायचं. हा वाडीचा नेम. कुणी मोडला नाही, कुणाला काही झालं नाही.
मृ. हसली. म्हणे इथे उपग्रहावरून जमीन मोजतात, आणि तुमचा कोळसा. मी म्हटलं, कोळशाने कुणी मेलं नाही.
आज चार.

१० फेब्रु., सोम.
कालपर्यंत एकदोन होते. आज एकही नाही. सुनंदाचा गुडघा दुखतोय, तरी सोमवारचं देऊळ सोडलं नाही तिने.
ज्यांना जायचंय त्यांनी आपल्या जबाबदारीवर घरी जावं, असं तिथे सांगितलंय. संदीप शाळेत कंटाळलाय. पाइप गोठतील म्हणतो.
मृ. म्हणाली, पण जमीन अजून फुगतेय म्हणतात, आणि सकाळी सामान आणायला गेले तर आपलं मागचं दार लागत नव्हतं. मी म्हटलं, चौकट हलली असेल, रंधा मारायला सांग. हे वाक्य मी बोललो. हे समासात सोळा तारखेला लिहितोय.

१२ फेब्रु., बुध.
तिसरा दिवस, रेघ नाही. संध्याकाळी फोन. मृ.ने सरळ विचारलं, "बाबा, जाऊ का? तुम्ही सांगाल तसं."
मी म्हणालो, "तीन दिवस झाले. जा, आपल्या घरात झोपा."
संदीप मागून थँक्यू बाबा म्हणाला. बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून असं कुणी काही विचारलं नव्हतं.

१४ फेब्रु., शुक्र.
दुपारी साडेबारा. तिथे सकाळचे सात. गावाच्या मागे जमीन फाटली. फोनवर व्हिडिओ फिरतोय, उभ्या आगीची रांग, शेवटची घरं दिसतात तिच्या उजेडात.
मृ. सुखरूप. संदीपने तिला शेजाऱ्यांच्या गाडीत बसवलं, मी आपली गाडी घेऊन येतो म्हणाला.
रात्र झाली. आला नाही.

१५ फेब्रु., शनि.
गाडी सापडली. बंदराच्या रस्त्यावर जमीन दोन बाजूंना सरकून मधे खचलीय. भेगेत नाक खाली करून गाडी. दार उघडं. आत कुणी नाही. भेग किती खोल ते

१६ फेब्रु., रवि.
आधी वाचायला हवं होतं ते आज वाचलं. कोयनेला खडकातला ताण सुटला होता, म्हणून धक्के कमी होत गेले. खालून वर मॅग्मा येत नव्हता. इथे धक्के थांबले ते मॅग्माची वाट तयार झाली म्हणून. तोडायला काही उरलं नव्हतं. आणि खाली भरणं चालूच होतं. जमीन फुगत होती, दार लागत नव्हतं. पोरीने सांगितलं होतं, मी रंधा मारायला लावला.
तुम्हीच जा म्हणालात, असं ती एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ फेब्रु., मंगळ.
भांडुपला संदीपच्या आईकडे गेलो. मालवणची बाई, गिरणी बंद पडल्यावर खानावळ चालवून एकुलत्या एकाला वाढवलं. शोध थांबवलाय तिथे, भेगेच्या कडा ढासळतायत. तिला ते पटत नाही. माझा हात धरला.
"तुमका कळता ह्यातला. आता जमीन हलना नाय मां? मग सांगा त्यांका, खाली उतरून सोदा म्हणान."
जा म्हणणारा मी, हे तिला माहीत नाही. चहा घेतला. सांगायचं ठरवून गेलो होतो. नाही सांगितलं. भ्याड माणूस.

२० फेब्रु., गुरु.
दुपारी मृ.चा फोन. गावातले सहाजण दोर लावून भेगेत उतरायला तयार आहेत. त्यांचा म्होरक्या म्हणतो, घरच्यांनी म्हटलं तरच उतरू, नाहीतर शोध बंदच राहील. भांडुपला आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुझे बाबा सांगतील तसं.
मी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मला तो हवाय, बाबा." तासाभराने परत फोन करते म्हणाली.
त्या सहाजणांनाही आया असतील. नाही म्हणायचं तर का, हे भांडुपला जाऊन सांगावं लागेल, सगळं पहिल्यापासून.
शेवटी सुनंदाला म्हटलं, घरी जा म्हणून मीच सांगितलं होतं गं.
"माहीत आहे. मी शेजारीच बसले होते," ती म्हणाली. "आता काय सांगणार आहात ते बोला."
फोन वाजतोय.