आवाज बंद ठेवायचं चित्र

४ डिसेंबर १९४४, अमळनेर
नवीन चित्र आलं. जपान्यांकडून पकडलेलं! त्यांच्याच शिपायांची गोष्ट, त्यांनीच काढलेली. हुकूम असा — आवाज बंद ठेवायचा, मी यंत्र चालवायचं आणि शालिग्रामभाऊंनी कर्ण्यावरून सरकारी छापील कागद वाचायचा. तीन महिने या प्रचाराच्या गाडीवर सोबत आहोत, पण माणूस उमगत नाही. घरच्यांबद्दल तर चकार शब्द काढत नाहीत.

६ डिसेंबर
पहिला खेळ. चिखलातून पलटण चाललेली. एक पोरगेला शिपाई तापानं फणफणलेला, सोबत्यानं त्याला पाठीवर घेतलेलं. कागदावर इथं लिहिलंय — भ्याड शत्रू कसा पळतो पाहा! भाऊंनी कागद घडी करून खिशात घातला आणि सरळ अहिराणीत सुरू झाले — "आखो थोडंसं चाल रे भाऊ. तुनी माय वाट देखी ऱ्हायनी." बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. जपान्यासाठी!

७ डिसेंबर
कागद का वाचला नाही, विचारलं. म्हणे वाऱ्यानं उडाला. वारा होता कुठे?

११ डिसेंबर, धरणगाव
आज तर कहर. माणसं पांगल्यावर म्हणाले, तेच रीळ परत लाव. मग पडद्याला नाक लावून एकेक चेहरा न्याहाळत उभे. काय शोधतात? बेचाळीसची भूमिगत मंडळी अजून या भागात आहेत म्हणतात. त्यांचाच तर माणूस नसेल? हे धरले गेले तर यंत्रवाला म्हणून मी, वना, पण आत जाणार. माझी बायको पोटुशी आहे, तिला कोण बघणार?
चित्राच्या शेवटी तो आजारी पोरगा मरतो. सोबती हातांनी खड्डा उकरतो. मलाही भडभडून आलं, खोटं कशाला लिहू. त्याचाच जास्त राग आला.

१३ डिसेंबर
प्रचार खात्याच्या साहेबांना पत्र टाकलं. निवेदक शत्रूच्या बाजूनं बोलतो — गावं, तारखा, सगळं लिहिलं. कर्तव्य केलं. रात्रीची भाकरी मात्र कुत्र्याला घातली.

१६ डिसेंबर
दुपारी पोलीस आले, शालिग्रामभाऊंना घेऊन गेले. ते सामान बांधत होते तेव्हा मी विचारलंच — शत्रूसाठी लोकांना का रडवलंत? शांतपणे म्हणाले, "मना पोरगा चुडामण चैत्रमा गया, बर्माना लढाईमा. कोनले सांगं नही. ज्यासनी त्याले मारं, त्या कशा शेतस, ते देखनं व्हतं माले. आपला पोरेसारखाच निंघनात."
मग पोलिसांच्या गाडीत चढता चढता माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"तू सांभाळी ऱ्हाय, वना. आपलामा कोनी तरी चुगलखोर शे."